किशोरवाचक आणि रहस्यकथा : आवड, कसोट्या आणि आक्षेप

वयाची बारा वर्षे उलटली की मुलांच्या वाचनात ठळक बदल होतो. परीकथा आणि प्राणिकथा मागे पडतात, बोधकथांचा कंटाळा येऊ लागतो आणि मोठ्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांत अद्याप मन रमत नाही. या मधल्या काळात मुले आपण होऊन जी पुस्तके मागतात, त्यांत रहस्यकथा आणि थरारकथा आघाडीवर असतात. ही आवड नवी नाही. आज सत्तरी ओलांडलेल्या अनेक मराठी वाचकांनी पाठ्यपुस्तकाच्या आड बाबूराव अर्नाळकर वाचले. पुढच्या पिढीने फास्टर फेणे आणि सुहास शिरवळकर वाचले. आजची शहरी मुले इंग्रजी थरारकथांच्या जाडजूड मालिका हातावेगळ्या करतात.

या वाचकांचे मत काय, हा प्रश्न मात्र मराठी समीक्षेने क्वचितच विचारला. रहस्यकथा दुय्यम आणि किशोरवयीन वाचक अपरिपक्व, अशी दुहेरी समजूत त्यामागे होती. प्रत्यक्षात हा वाचक फार काटेकोर असतो. आवडलेले पुस्तक तो एका बैठकीत संपवतो, न आवडलेले तिसऱ्या प्रकरणावर मिटतो, आणि दोन्हींची कारणे मित्रांना नेमकी सांगतो. वाचनालयातील पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर एकाखाली एक उमटलेले तारखांचे शिक्के, हीच त्याच्या मताची जुनी नोंद होय. ते मत काय आहे आणि ते गांभीर्याने का घ्यावे, याचा हा आढावा.

रहस्य, थरार आणि गूढ

बोलण्यात 'रहस्यकथा' हा शब्द सैलपणे वापरला जातो. परंतु त्यात निदान तीन वेगळे प्रकार सामावलेले आहेत. शुद्ध रहस्यकथेत गुन्हा घडून गेलेला असतो आणि तो कोणी, कसा व का केला याचा शोध हे कथेचे सूत्र असते. एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये लिहिलेली रू मॉर्गमधील खुनांची कथा ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. थरारकथेत संकट पुढे उभे असते. अपराधी कोण हे वाचकाला ठाऊक असले तरी चालते, नायक त्यातून सुटतो की नाही एवढाच प्रश्न असतो. गूढकथेत आणि भयकथेत कारण बुद्धीच्या पलीकडचे असू शकते.

रहस्य आणि थरार यांतील भेद चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट केला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना माहीत नसेल, तर स्फोटाच्या वेळी त्यांना काही क्षणांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही अनेक मिनिटे जीव टांगणीला लावतात. किशोरवाचक या व्याख्या शिकलेला नसतो, पण भेद त्याला अचूक कळतो. शोधकथा म्हणून सुरू झालेले पुस्तक शेवटी 'ते भुताने केले' असे सांगून मोकळे झाले, तर त्याला फसवल्यासारखे वाटते. भुताची गोष्ट म्हणूनच हाती घेतलेल्या पुस्तकात त्याच भुताबद्दल त्याची काही तक्रार नसते.

मराठीतील पूर्वपीठिका

मराठी वाचकाला उत्कंठेची गोडी लावण्याचे मोठे श्रेय गो. ना. दातार यांना जाते. इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या कादंबऱ्यांवर त्यांनी 'कालिकामूर्ति', 'चतुर माधवराव', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्या रचल्या. भुयारे, तळघरे, वेषांतरे आणि हरवलेले वारस यांनी भरलेल्या या कथांना त्यांनी असा देशी पेहराव चढवला, की मूळ परके आहे याची जाणीवही होऊ नये. नाथमाधवांची 'वीरधवल' हीदेखील याच अद्भुतरम्य परंपरेतील.

पुढे बाबूराव अर्नाळकर यांनी रहस्यकथा खऱ्या अर्थाने सर्वांच्या हाती दिली. १९९६ मध्ये निधन पावलेल्या या लेखकाच्या नावावर एक हजारांहून अधिक पुस्तके आहेत. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे घराघरांत पोहोचली. पुस्तके आकाराने लहान, किमतीने स्वस्त आणि भाषेने सोपी होती. शाळकरी मुलासाठी ती लिहिलेली नव्हती. तरीही तो त्यांचा एकनिष्ठ वाचक झाला. घरातील मोठ्यांनी आणलेले पुस्तक परत करण्यापूर्वी ते दुपारच्या वेळात मुलांनी संपवलेले असे. अनेकांच्या बाबतीत सलग शंभर पाने वाचण्याची सवय या पुस्तकांनी लावली. ती सवय पुढे इतर साहित्याच्याही कामी आली, ही बाब अर्नाळकरांना नाके मुरडणारे सहसा विसरतात.

मूळचे गोव्याचे असलेले आणि २०२१ मध्ये दिवंगत झालेले गुरुनाथ नाईक यांनीही हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. 'नवल' आणि 'धनंजय' या दिवाळी अंकांनी रहस्य, गूढ आणि विज्ञान यांच्या कथांना दरवर्षी हक्काची जागा दिली. भाषांतरेही भरपूर झाली. भालबा केळकर यांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, तर रंगभूमीवरील नामवंत अभिनेते मधुकर तोरडमल यांनी आगाथा ख्रिस्ती यांच्या अनेक कादंबऱ्यांचे अनुवाद केले.

आपल्या वयाचा नायक

या साऱ्या पुस्तकांतील गुप्तहेर मात्र प्रौढ होते. त्यांच्याकडे मोटार होती, पिस्तूल होते, पोलिसांत ओळख होती. वाचणाऱ्या मुलाकडे यांपैकी काहीच नव्हते. ज्याला सातच्या आत घरी यावे लागते आणि ज्याच्या खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे असतात, असा नायक साहित्यात आला तेव्हा चित्र बदलले.

जागतिक बालसाहित्यात हा बदल जर्मन लेखक एरिश केस्टनर यांच्या 'एमिल आणि गुप्तहेर' या १९२९ च्या कादंबरीने घडवला. बर्लिनला निघालेल्या एमिलचे पैसे आगगाडीत चोरीला जातात आणि शहरातील मुलांची फौज चोराचा पाठलाग करते. पैसे हरवू नयेत म्हणून एमिलने नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवलेल्या असतात. नोटांवरील टाचणीची तीच भोके पुढे त्या एमिलच्या असल्याचा पुरावा ठरतात. दुवा क्षुल्लक, पण निर्णायक. आणि तो वाचकाच्या डोळ्यांसमोर आधीच ठेवलेला. किशोर रहस्यकथेचा आदर्श म्हणून आजही त्याकडे बोट दाखवता येते.

मराठीत हे काम भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी केले. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागवतांनी बनेश ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्यात विद्याभवन शाळेत शिकतो, सायकलवर भटकतो आणि काही सुचले की तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. त्याच्याकडे ना शस्त्र, ना अधिकार. इतरांनी दुर्लक्षिलेली गोष्ट त्याला दिसते आणि दिसल्यावर त्याला स्वस्थ बसवत नाही, एवढेच त्याचे भांडवल. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे' या शीर्षकांवरूनच त्याच्या भ्रमंतीची कल्पना येते. भागवतांचाच बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगा या घराण्यातील दुसरा शोधक.

फास्टर फेणे १९८० च्या दशकात सुमीत राघवन यांच्या रूपाने दूरदर्शनवर आला. २०१७ मध्ये आलेल्या चित्रपटात अमेय वाघ यांनी ही भूमिका केली. या चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि त्या परीक्षेभोवतीच्या गैरव्यवहाराचा माग काढतो. म्हणजे शाळकरी बनेश पडद्यावर येताना शाळेच्या वयापलीकडे गेला. मधल्या वयासाठी मराठीत जागा किती अरुंद आहे, याचे हे एक लक्षण म्हणता येईल.

किशोरांच्या कसोट्या

रहस्यकथेबद्दल मुले आपसांत जे बोलतात, त्यातून काही ठरावीक कसोट्या समोर येतात. पहिली कसोटी प्रामाणिकपणाची. शोधकाला मिळालेला प्रत्येक दुवा वाचकालाही मिळाला पाहिजे, शेवटच्या पानावर अचानक उगवलेला जुळा भाऊ चालणार नाही, ही मागणी मुले ठामपणे करतात. विशेष म्हणजे हेच नियम प्रौढ लेखकांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवले होते. अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये गुप्तहेरकथेचे वीस नियम सांगितले, तर इंग्लंडमधील रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा आज्ञा मांडल्या. वाचकाशी खेळ निष्पक्ष असावा, हे दोघांचेही सार. आगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या रॉजर ॲक्रॉइडवरील कादंबरीने हा नियम मोडला की वाकवला, यावर झालेला वाद आज ते पुस्तक प्रथमच वाचणारी मुलेही तितक्याच हिरिरीने घालतात.

दुसरी कसोटी नायकाच्या मर्यादेची. सर्व काही जाणणारा, कधीही न चुकणारा नायक लहानपणी आवडतो. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो खोटा वाटू लागतो. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' या बंगाली मासिकात फेलूदाची पहिली कथा लिहिली. तिथे ही अडचण त्यांनी सुंदर रीतीने सोडवली. फेलूदा हुशार आहे, परंतु कथा सांगतो तो त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे. त्यामुळे वाचक तोपशेबरोबर गोंधळतो, चुकीच्या माणसावर संशय घेतो आणि शिकतो. या मालिकेतील एक कथा वेरूळच्या कैलास लेण्याच्या परिसरात घडते. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलूदा मराठी मुलांनाही जवळचा झाला.

तिसरी कसोटी मुलांच्या कर्तबगारीची. दोनशे पाने मुलांनी धडपड करायची आणि शेवटी पोलिस निरीक्षकाने येऊन सर्व उलगडा करायचा, हे किशोरांना मान्य नसते. मोठ्यांनी मदत करावी, श्रेय नेऊ नये. चौथी कसोटी उपदेशाची. गुन्ह्याचे फळ वाईट हे कथेतून दिसले तर मुले स्वीकारतात. शेवटच्या परिच्छेदात गुरुजींनी ते समजावले की पुस्तक मिटते. पाचवी कसोटी भाषेची. मुले जशी बोलतात त्याच्या जवळपास जाणारे संवाद हवेत. पण लेखक मुद्दाम 'तरुण' भाषा बोलू लागला की तेही त्यांना लगेच कळते.

मोठ्यांच्या वाचनाकडे नेणारी पायरी

पंधरा ते अठरा या वयात अपेक्षा बदलतात. या टप्प्यावर मराठीत सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी मोठे काम केले. फिरोज इराणी, दारा बुलंद, ॲडव्होकेट अमर विश्वास, मंदार पटवर्धन या त्यांच्या नायकांचे जग मुंबई-पुण्याचे, वेगवान आणि चटपटीत संवादांचे होते. रहस्यकथांच्या ओढीने शिरवळकरांकडे आलेली मुले पुढे 'दुनियादारी'पर्यंत पोहोचली आणि नकळत सामाजिक कादंबरीच्या वाचक झाली. शशी भागवत यांच्या 'मर्मभेद'ने कल्पित राजघराण्यांतील कारस्थानांची गोडी लावली.

भीतीची गोडी नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भागवली. धारपांचा 'समर्थ' हा दुष्ट शक्तींशी झुंजणारा नायक आणि 'लुचाई'सारखी कादंबरी या वयातील वाचकांच्या पिढ्यांनी रात्री दिवा न मालवता वाचली. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाच्या प्रेरणेचा एक धागा धारपांच्या कथेपर्यंत जातो. मतकरींच्या गूढकथेत भूत बाहेर नसते. ते माणसाच्या मत्सरात, अपराधभावात, एकटेपणात असते. हा फरक ज्या वयात उमगतो, त्या वयात वाचक मोठा होत असतो.

आक्षेप आणि उत्तरे

पालक-शिक्षकांचा पहिला आक्षेप हिंसेचा. खून, अपहरण, फसवणूक यांनी कोवळ्या मनावर काय परिणाम होईल? ही काळजी निराधार म्हणता येणार नाही. परंतु खून आहे की नाही यापेक्षा तो कसा हाताळला आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. अमेरिकी लेखिका लुइस डंकन यांची १९७३ ची किशोर कादंबरी या संदर्भात बोलकी आहे. चार तरुण मित्रांच्या मोटारीखाली एक लहान मुलगा सापडून मरतो आणि ते ती गोष्ट लपवतात. 'गेल्या उन्हाळ्यात तुम्ही काय केले ते मला ठाऊक आहे' अशा आशयाच्या शीर्षकाच्या या कादंबरीचा गाभा अपराधाच्या ओझ्याचा आहे. १९९७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला तो आकडा घेऊन माणसे मारत सुटलेल्या खुन्याचा. डंकन यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. १९८९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या अठरा वर्षांच्या मुलीचा खून झाला होता. मृत्यू ही करमणूक नव्हे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? चांगली रहस्यकथा मृत्यूला किंमत देते. एका माणसाच्या जाण्याचा जाब मागितलाच पाहिजे, हे तिचे गृहीतक असते.

दुसरा आक्षेप साचेबंदपणाचा, आणि तो अधिक रास्त आहे. जुन्या रहस्यकथांत खलनायक अनेकदा कुरूप, परप्रांतीय किंवा गरीब असे. एनिड ब्लायटन यांच्या लोकप्रिय मालिकांवरही अशी टीका झाली आहे. मुलींच्या वाट्याला तर पळवून नेले जाण्यापलीकडे फारसे काही येत नसे. अमेरिकेत १९३० मध्येच नॅन्सी ड्रू ही तरुण शोधिका अवतरली; ब्लायटन यांच्या १९४२ पासूनच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेत जॉर्ज म्हणवून घेणारी बंडखोर जॉर्जिना होती. मराठीत मात्र मुलगी केंद्रस्थानी असलेली आणि फास्टर फेणेइतकी घरोघरी पोहोचलेली रहस्यमालिका झाली नाही. फेलूदाच्या कथांतही स्त्रीपात्रे फार थोडी आहेत. मराठी मुलींनी या कथा तितक्याच आवडीने वाचल्या. पण त्यासाठी त्यांना दर वेळी मुलाच्या सायकलवर बसावे लागले.

आजचे चित्र

इंग्रजीत किशोरांची थरारकथा हा आज स्वतंत्र आणि भरभराटीचा प्रांत आहे. कॅरन मॅकमॅनस यांच्या २०१७ च्या कादंबरीत शाळेत शिक्षा म्हणून थांबवलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक जण मरण पावतो आणि उरलेले चौघे संशयित ठरतात. हॉली जॅक्सन यांच्या २०१९ च्या कादंबरीतील पिप ही विद्यार्थिनी शाळेच्या प्रकल्पासाठी गावातील एक मिटलेले खूनप्रकरण पुन्हा उघडते. २०२४ मध्ये त्यावर मालिकाही आली. मोबाइल, समाजमाध्यमे, मित्रांमधील गुपिते हे या कथांतील दुवे असतात. ही पुस्तके मुंबई-पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या हाती सर्रास दिसतात.

किशोरांच्या मताला तिकडे मानही मिळतो. अमेरिकेतील रहस्यकथाकारांच्या संघटनेने एडगर पुरस्कारांत १९८९ पासून किशोर गटाची स्वतंत्र भर घातली. तेथील ग्रंथपालांच्या संघटनेने २००३ पासून मुलांच्याच मतांनी दहा पुस्तके निवडण्याचा उपक्रम चालवला. ब्रिटनमध्ये मुलांच्या मतदानाने दिला जाणारा पुरस्कार २००३ मध्ये अँथनी हॉरोविट्झ यांच्या अॅलेक्स रायडर मालिकेतील एका थरारकथेला मिळाला होता. मराठीत बालसाहित्याचे पुरस्कार आहेत. परंतु ते मुलांनी ठरवावेत ही प्रथा रुजलेली नाही.

याचा संबंध मराठी वाचनाच्या भवितव्याशी आहे. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. अनेक ग्रंथालयांत बालविभाग आहे, मोठ्यांचा विभाग आहे. तेरा ते अठरा वर्षांचा वाचक या दोन कपाटांच्या मधल्या बोळात उभा असतो. पूर्वी त्या बोळात अर्नाळकर, भागवत, शिरवळकर, धारप भेटत. आज तेथे त्याला इंग्रजी मालिका भेटते आणि तो निघून जातो. घरी मराठी बोलणारा, पण मराठी पान वाचताना अडखळणारा हा वाचक एकदा गेला की विसाव्या वर्षी मराठी कादंबरीकडे परततोच असे नाही. लहान प्रकरणे, वेगवान संवाद आणि 'पुढे काय' ही ओढ, यांमुळे अडखळणाऱ्यालाही पुढे नेण्याची ताकद रहस्यकथेत इतर प्रकारांपेक्षा अधिक आहे. श्राव्य पुस्तकांमुळे धारप-मतकरींच्या प्रकारातील कथांना नवे श्रोते लाभले, हे आशादायक आहे. मात्र ऐकण्याने लिपीची सवय होत नाही.

नव्या लेखकांना, प्रकाशकांना आणि ग्रंथालयांना या वाचकाकडून शिकण्यासारखे बरेच आहे. त्याच्या अटी अवघड नाहीत : दुवे लपवू नका, आम्हाला लहान समजू नका, उलगडा आमच्या हातून होऊ द्या, आणि शोध घेणारी कधी मुलगीही असू द्या. फुरसुंगीच्या एका सायकलवाल्या मुलाने या अटी बऱ्याच अंशी पाळल्या, म्हणून तीन पिढ्यांनी त्याला वाचले. त्याच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावरील शिक्क्यांची दाटी हा मराठी किशोरवाचकाचा कौल आहे, आणि तो अजून बदललेला नाही.